मामंजींचा डावा पाय

डॉक्टरांनी मामंजींचा डावा बूट कात्रीने कापून काढला आणि खोलीभर वास सुटला. अंगठा काळाठिक्कर. "गँगरीन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे पायाचं मांस मरून सडायला लागलेलं. मूळ दुखणं डायबेटिस, लघवीतून साखर जाणारं. त्यात पाय बधिर होतो, बूट चावला तरी कळत नाही.

"बेन, बहु मोडुं कर्युं," ते मला म्हणाले. फार उशीर केलात.

खरंच होतं, आणि चूक माझीच.

माझ्या सासऱ्यांचं उभं आयुष्य बडोद्याच्या महाराजांच्या पागेत गेलं. पेन्शनीत आले तरी दसऱ्याच्या सवारीत चालायचे. डभोईला माहेरी जायचं तर मला पोचवायला स्वतः यायचे. मी रोज सकाळी त्यांच्या पाया पडत असे. श्रावणापासून मात्र ते पाय मागे घेऊ लागले. "लांबूनच कर गं," म्हणायचे, आणि घरातसुद्धा बूट चढवून बसायचे. मला वाटलं, माझ्यावर रागावले. मीही फुगले, लांबूनच हात जोडले. जळली मेली माझी अक्कल! सवारी चुकू नये म्हणून ते जखम लपवत होते.

गुडघ्याखाली पाय कापला तरच वाचतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामंजी ऐकेनात. "सरकारची चाकरी दोन पायांवर केली. जाईनही दोन पायांवर."

ह्यांनी हात टेकले. दोन दिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतो. ताप चढतच होता. तिसऱ्या दिवशी मी पदर सावरून आत गेले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले.

"खुशाल जा, मामंजी. पण उद्यापासून सकाळी मी कुणाच्या पाया पडू?"

त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "एकाच पायावर भागेल का गं तुझं?"

त्या दसऱ्याला आम्ही त्यांची खुर्ची रस्त्यालगत मांडली. पागा समोरून गेली तेव्हा त्यांनी बसल्या बसल्या सलाम ठोकला, आणि ढसाढसा रडले.

बायांनो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना डोळे मिटू नका. मी रोज त्यांच्या उजव्या पायाची बोटं उघडून बघायची. "झाली का तपासणी, साहेब?" ते चिडवायचे. अशी दोन वर्षं मिळाली. त्या डॉक्टरांचे उपकार कसे फेडू?

यंदा माघात छातीत कफ होऊन ते गेले. तिरडीवर ठेवण्याआधी मी पाया पडले आणि सवयीने बोटं उघडून बघितली. कुठे साधा ओरखडाही नव्हता.