हरणाच्या डोक्यामागची वीट

व्हर्ना स्ट्रॅमच्या बैठकीत शेकोटीवर पेंढा भरलेलं हरणाचं डोकं इतकं खाली लावलेलं होतं, की येणारा प्रत्येक जण एकदा तरी हसायचा. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या खोऱ्यात घरोघरी अशी डोकी आहेत, पण ती उंचावर, भिंतीच्या मधोमध. व्हर्नाकडचं एका बाजूला सरकलेलं, नाक शेकोटीवरच्या फळीला टेकलेलं, हनुवटीचे केस धगीनं पिवळे झालेले. "वेंडेलनं पिऊन ठोकलं असणार," लोक तिच्या नवऱ्याबद्दल म्हणायचे.

पिऊन नव्हे. शुद्धीवर आल्यावर ठोकलं होतं.

मला हे व्हर्नानंच सांगितलं, मी तिच्या शेजारी राहायला लागून नऊ वर्षं झाल्यावर. शिकारीच्या मोसमात ती गॅरेजमध्ये लोकांची हरणं फोडून द्यायची आणि मी मांस कागदात गुंडाळायला जायची. मांडीचं हाड सांध्यातून सोडवता सोडवता ती म्हणाली, "त्या डोक्यामागे गोळीचं भोक आहे गं. वेंडेलनं माझ्यावर झाडली होती. रस्सा खारट झाला म्हणून."

"आणि मग?"

"दुसऱ्या दिवशी त्यानं भोकावर डोकं लावलं. जेवायला बसला."

"आणि तू?"

"मी वाढलं." तिनं सुरी पुसली. "आमचा रॉइस चार वर्षांचा होता, आजीकडे गेलेला. त्याला कळता कामा नये, हां."

तिचा जबडा दोनदा मोडला होता. दोन्ही वेळा ती जिन्यावरून पडली होती, म्हणजे डॉक्टरांना तसं सांगितलं होतं. पुढे वेंडेल झाड तोडताना त्याच झाडाखाली चिरडून मेला. रॉइसच्या लेखी बाप म्हणजे देवमाणूस. तो देव तसाच राहावा, एवढ्यासाठी व्हर्ना ते वेडंवाकडं डोकं हलवू देत नसे.

गेल्या थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरातल्या त्या सणाच्या जेवणाला, रॉइस भिंतभर टीव्ही घेऊन आला. बरोबर बायको, लोरेल. मी उकडलेली रताळी द्यायला गेले, तेव्हा तो ड्रिल हातात घेऊन शेकोटीसमोर उभा होता.

"आई, डोकं काढतो. दुपारी मॅच आहे, टीव्ही इथंच बसेल."

"धगीनं भाजून निघेल तो. हरणाची हनुवटी बघ की."

"मग शेकोटी पेटवू नकोस."

"आणि माना वर करून कोण बघणार? चर्चमध्ये बसल्यासारखं?"

"कळतं मला," तो मऊ झाला. "बाबांची आठवण आहे म्हणून अडून बसलीयेस. मी माझ्या घरी नेतो ना. नीट मधोमध लावतो."

व्हर्ना फळीला पाठ लावून उभी राहिली. "नाही म्हटलं ना."

"राहू दे ना रॉइस," लोरेल म्हणाली. "त्यांचं घर आहे."

त्यानं ड्रिल फेकलं. काचेचं कपाट फुटून बशांचा चुरा टर्कीच्या ताटात पडला. "तुला विचारलं कुणी?" तो वळला. त्याचा हात अजून खालीच होता, पण लोरेलचं कोपर कानाशी आलं होतं. सवयीनं.

ते कोपर व्हर्नानं पाहिलं. मीही पाहिलं.

मग त्यानं लोरेलला दंडाला धरून विटांवर आपटलं. ओठ फाटला, रक्त गळ्यापर्यंत आलं. मी मध्ये पडले, त्याच्या धक्क्यानं मागे खुर्चीवर कोसळले. दुसऱ्यांदा त्याचा हात उठला तेव्हा व्हर्नानं निखारे सारायची लोखंडी सळई उचलली आणि त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला गॅरेजमधून ओळखीचा होता.

रॉइस गुडघ्यावर आला. व्हर्नानं त्याच सळईचं टोक हरणाच्या डोक्याच्या फळकुटामागे खुपसलं आणि जोर दिला. हरीण खाली पडलं, एक शिंग तुटलं. मागची वीट उघडी झाली. मधोमध वाटीएवढा खड्डा, भोवती तडे.

व्हर्ना त्या विटेला पाठ लावून उभी राहिली. खड्डा तिच्या केसांवरून थोडासा दिसत होता.

"म्हातारपणी आकसलेय मी. तुझ्या बापानं गोळी झाडली तेव्हा हे भोक कपाळापाशी यायचं. टेप आहे ना तुझ्याकडे? माप."

रॉइस मनगट पोटाशी धरून बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा बंदूक साफ करत असतील."

"हो. आणि मी जिन्यावरून पडायची."

माझ्या नवऱ्यानं त्याला इस्पितळात पोचवलं. लोरेल त्यांच्याबरोबर गेली नाही, व्हर्नाकडेच राहिली. मी तिच्या ओठावर बर्फ धरला. व्हर्ना काचा झाडत होती; सुपली दोनदा उपडी झाली.

"वीट बुजवायची का?" लोरेलनं विचारलं.

"आत्ता नको. टीव्ही खिडकीपाशी ठेव, खाली."

जानेवारीत रॉइस लोरेलला न्यायला आला, हात प्लास्टरमध्ये. व्हर्नानं त्याला आत घेतलं, कॉफी दिली आणि त्या उघड्या विटेसमोरची खुर्ची दाखवली.

"इथं बसून बोल तिच्याशी."

तो बसला. कॉफी निवली. त्यानं एकदाही मान वर केली नाही. शेवटी जमिनीकडे बघतच म्हणाला, "चल, लोरेल."

"वर बघून म्हण," लोरेल म्हणाली.

तो उठला, टोपी घातली आणि गेला. लोरेलनं त्याचा कप उचलून मोरीत ठेवला, आणि शेकोटीत आणखी एक ओंडका सारला.