राव्दनानं परत केलेलं जाळं

हिवाळ्यात राव्दना म्हातारीचे दोन पाळीव रेनडिअर शेवाळ खायला किनाऱ्यावर उतरले आणि वाहून आलेल्या जाळ्यात शिंगं अडकून, एकमेकांसमोर उपाशी मेले. जाळ्याला बांधलेल्या बोयावर मासेमार ओडवारच्या बोटीचं नाव होतं. फाटकी जाळी तो समुद्रातच टाकतो, हे आमच्या बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणीच नव्हतं.

राव्दनाही बोलली नाही. तिनं ते जाळं शिंगांसकट बंदरात ओढून आणलं आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या ओडवारच्या बोटीच्या तळाशी असलेल्या पंख्याला आवळून गुंडाळलं.

ऐन हंगाम होता. बाकीच्या बोटी मासळीला गेल्या. ओडवार मात्र गारठलेल्या पाण्यात उभा राहून सुरी चालवत होता, आणि राव्दना धक्क्यावर बसून सुकं मांस कॉफीत बुडवून खात होती.

"म्हातारे, बघत काय बसलीस? ये मदतीला!"

"ओढ की जोरात. माझ्या जनावरांनीही ओढलं होतं, मान रक्ताळेपर्यंत."

"पोलिसांत जाईन मी!"

"जा ना. तो बोयाही घेऊन जा, त्यावरचं नाव वाचून दाखव त्यांना."

ओडवार पुन्हा वाकून जाळं कापू लागला. भरतीचं पाणी त्याच्या छातीला लागलं, तरी जाळं अर्धंच सुटलं होतं. राव्दनानं आणखी कॉफी ओतून घेतली.