मातीतली टाच

ओतूरच्या कॉलेजात कराटेचा वर्ग सुरू झाला तेव्हा मी घरी न विचारताच नाव घातलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यात आणखी हे कसं सांगायचं? घरी म्हटलं, जादा प्रॅक्टिकल असतं.

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले होते. पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ ठेवायचा आणि पंच मारायचा. मग सर त्या मुठीवर तळहात ठेवून ढकलायचे. मी दरवेळी मागे कोलमडायचे.

"हाताला जोर आहे गं, पण तो जमिनीतून येत नाही," सर म्हणायचे. मला ते कळायचं नाही. पुन्हा नापास झाले तर वर्ग सोडायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. म्हणून संध्याकाळी विहिरीमागं, भिजलेल्या वाफ्याच्या कडेला, कुणी नसताना सराव करायचे.

तेव्हा बिबट्याची फार भीती होती. वडील, म्हणजे आमचे दादा, सकाळी पाणी धरण्याआधी उसाच्या कडेनं ठसे बघत जायचे. एका सकाळी त्यांनी मला विहिरीमागून हाक मारली.

"ह्ये बिबट्याचं न्हाई. कुणीतरी एकाच जागी लई नाचलंय. माप तुझंच दिसतंय."

माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. कराटे, परीक्षा, खोटं प्रॅक्टिकल. आता कॉलेजच बंद, असं वाटून मला रडू यायला लागलं. दादा मात्र खाली बसून ठशांकडेच बघत होते.

"मागला पाय ह्यो?"

"हो."

"मग टाच कुठंय? नुसता चवडा रुतलाय. भरलं पोतं घिऊन अशी उभी राहिलीस तर पोत्याखाली जाशील."

मग उठत म्हणाले, "खोटं कशाला बोललीस पण?" मी मागचा पाय त्याच ठशात ठेवून टाच दाबून पाहिली.

त्यानंतर मी टाच रुतेपर्यंत उभी राहू लागले. टाच दाबून मारलं की कंबर फिरायची आणि मूठ जड वाटायची. परीक्षेत सरांनी ढकललं तेव्हा मागचा पाय बोटभर सरकला, पण मी उभी राहिले.

घरी आल्यावर दादांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो बांधून उसाकडं जाऊ नगंस. पिवळं दिसलं की बिबट्या समजून लोकं फटाकं लावत्याल." मग पट्टा माझ्या हातात देत म्हणाले, "हितं अंगणात करत जा. दिवसाउजेडी."