पारूवैनीनं गुंडाळून ठेवलेली ढोलकी

मांजरसुंब्याच्या चौकात टेम्पोनं उडवलं तवापासून बन्सीभाऊला बोलता येईना. डोक्याला मार लागलता. लेकीचं नाव घ्यायला जायचा अन् तोंडातच अडकायचं. पण ढोलकी मांडीवर दिली की बोटं बराबर चालायची. भीमजयंतीच्या गायन पार्टीत आख्खी उमर वाजवलेली बोटं ती. एक दिवस वाजवता वाजवता "दीपा" म्हणला! डॉक्टर म्हणले, वाजवू द्या, यानंच सुधरंल.

वकील म्हणला, "वैनी, भरपाईची केस हाय तवर ढोलकी बंद. विमा कंपनीची माणसं गुपचूप शूटिंग घेत्यात. वाजवताना दिसला तर जज म्हणंल, ह्याला काय धाड भरलीय?"

भाऊच्या बायकोनं, पारूवैनीनं, ढोलकी लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. भाऊला आत पडद्यामागं बसवलं. मग तिला समदे कंपनीचेच दिसायले. भंगारवाला दोनदा आला, हाकलला. शेजारची छबुबाई फोन घिऊन भिताडाला टेकली की वैनी वरडायची, "कावून बघती गं?"

"आगं, लेकाला फोन लावायले. रेंज हितंच येती."

"माझ्याच दारात बरी येती तुझी रेंज!"

भाऊ जेवायच्या ताटावर बोटं वाजवायचा. वैनी ताटबी वढून घ्यायची. "केस व्हऊ द्या, मग वाजवा लागंल तेवढं." तारखावर तारखा पडल्या. भाऊची बोटं थंडावली. आलेलं "दीपा"बी गेलं.

एक दिवस अनोळखी माणूस दारात. इस्त्रीचा शर्ट, खिशात फोन, त्याचा कॅमेरा बाहीर. "ताई, बन्सीदादा वाजवत्यात का अजून?"

वैनी दारात आडवी झाली. "वाजवतंय कुठलं! घास उचलंना त्याला."

"मी सोमेश्वर, शिरूरचा. दादानंच शिकवलं मला. आमच्या पार्टीत नुसतं येऊन बसले तरी..."

"लई पाहिले तुझ्यासारखे. जा आल्या वाटंनं."

आतून भाऊ भिताडावर थापा मारायला लागला. वैनीनं दार लावलं.

हिवाळ्यात झटका आला अन् भाऊ गेला. पुण्यानुमोदनाला त्योच सोमेश्वर आला, समदी पार्टी घिऊन. कोपऱ्यात बसून पोरासारखा रडला. वैनी उठली, माळ्यावरची ढोलकी काढली, त्याच्या पुढ्यात ठिवली. चामडं ढिलं पडलतं.

"वाजवू का, ताई?"

वैनीनं मांडवातल्या येकेकाच्या हाताकडं पाहिलं.

"वाजव. पण फोन खिशात घाला रे समद्यांनी. केस चालू हाय अजून."