दोन जिने खाली

तिची माझी पहिली भेट झाली ती भांडणानेच. मी मुलांच्या वॉर्डात साफसफाईला. तिथे ही परकी बाई रोज दुपारी कशाला येऊन बसते, म्हणून मी जाब विचारायला गेले होते. धंद्याने शिंपीण. वॉर्डातल्या पोरांच्या आया तिला शिवणमावशी म्हणायच्या. बारा वर्षांपूर्वी तिची लेक याच वॉर्डात गेली. चाळीस दिवस हिने स्टुलावर काढले आणि नेमकी त्या दुपारी खाटेच्या कडेला डोकं टेकून हिला झोप लागली. जाग आली तेव्हा सगळं संपलं होतं.

"तासभर कुणी मला सोडवलं असतं ना, तर मी जागी असते," एवढंच म्हणाली. माझं भांडण तोंडातच राहिलं.

मग आम्ही जोडीने कामाला लागलो. ती पोरापाशी बसून आईला अंघोळीला पाठवायची. अंघोळीची जागा मी मिळवली. सहा महिने इस्पितळाच्या साहेबाच्या दारात ठाण मांडलं, तेव्हा कुठे दोन जिने खाली एक न्हाणीघर पदरात पडलं. गरम पाणी, आतून कडी, कपड्यांना खुंटी, सगळं अर्जात मीच लिहिलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण अर्ज असा की वकिलाने तोंडात बोट घालावं!

मावशीची पद्धत ठरलेली. आधी आईकडून पोराच्या सवयी समजून घ्यायच्या. त्या दिवशी समोर बसड्रायव्हरची बायको होती. पोरगं चार वर्षांचं, रक्ताचा आजार. सहा दिवस बाईच्या अंगाला पाणी नव्हतं.

"मावशी, त्याचा डावा कान चोळावा लागतो. त्याशिवाय झोपत नाही तो."

"चोळते. जा आता. तुझ्या वासाने डॉक्टर पळून जातील एक दिवस."

ती हसली. "आणि उठला तर?"

"हाक मारीन की. परदेशी चाललीस का? दोन जिने तर आहेत."

फोन पोराच्या उशाशी ठेवून ती गेली. दहा मिनिटांत पोराचा श्वास अडखळला. मावशी ओरडली. नर्स आली, डॉक्टर आले, सगळ्यांचे हात पोरात गुंतले. बाकीच्या आयांनी आपापल्या लेकरांचे डोळे झाकले. मावशीच्या चिमटीत तो कान. हाक मारायला जायचं तर तो सोडायला हवा. तिने सोडला नाही.

बाई ओल्या केसांनी वर आली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिने मावशीची बोटं एकेक करून कानावरून काढली आणि स्वतः चोळत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मावशी, हाक मारणार होतात ना?"

चूक माझी. अर्जात मला खुंटी सुचली, घंटी सुचली नाही.

मग पुन्हा साहेबाशी भांडले आणि घंटी बसवून घेतली. बटण वॉर्डात, आवाज न्हाणीघरात. मावशी महिनाभर फिरकली नव्हती. तिला बखोटीला धरून आणलं.

"नुसती वाजून काय उपयोग?" ती म्हणाली. "नळ सोडल्यावर ऐकू येते का, बघते. तू दाब."

मी दाबली. पुन्हा दाबली. ती वर येईना, तशी खाली गेले. कडी आतून लावलेली, नळ धो धो चाललेला, आणि त्या आवाजाखाली मावशी हंबरडा फोडून रडत होती.

मी दार वाजवलं. "मावशी, ऐकू आली का गं?"

"आली," ती आतून म्हणाली. "तू वर जा. दाबत राहा."