चॉकलेटी अंडी

आर्णीच्या बाजारात एक म्हातारी गडद, जवळपास चॉकलेटी रंगाची अंडी विकायची. प्रत्येक अंडं उन्हात धरून बघायची, पदरानं पुसायची आणि मगच हातात द्यायची.

एकदा तिच्या टोपलीत सातच अंडी होती. मी ती मागितली.

"खायले नाही देत," ती शांतपणे म्हणाली. "काल खुराड्यात रानमांजर शिरलं. एकही कोंबडी राह्यली नाही. माह्या आजीपासूनची जात होती. तुमच्या घरी खुडूक कोंबडी हाय का?"

मी हो म्हणालो. आमची कोंबडी नुकतीच खुडूक होऊन उबवायला बसली होती. म्हातारीनं टोपलीच माझ्या हातात ठेवली.

चार पिल्लं निघाली. ती घेऊन गेलो, तर तिनं दोनच पदरात घेतली.

"दोन तुमच्याकडंच वाढू द्या," ती म्हणाली. "सारं एकाच घरी ठेवलं, थेच चुकलं."