खाजणाकाठची वल्ही

हेमा गेली हे कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडलेले होते. त्या दिवशी पालघरला खाजणाच्या भरावाची सुनावणी होती आणि आम्ही दोघींनी मिळून हरकत मांडायची असं ठरलं होतं. मी बोईसरच्या एसटी स्टँडवर ताटकळत उभी, आणि बाईसाहेब फोन उचलत नाहीत. शेवटी तो उचलला तिच्या भावानं. "सरूबाय, हेमा सकाळी उठलीच नाय..." एवढंच बोलला तो. मला रडू नंतर आलं, आधी रागच आला. पन्नाशीही न गाठलेल्या बाईनं झोपेत निघून जावं, तेही ऐन सुनावणीच्या दिवशी, ही काय रीत झाली? महिना उलटून गेला, सुनावणी पुढे ढकलली गेली, पण माझा राग काही पुरता गेलेला नाही.

आम्ही बोईसरच्या एकाच शाळेत शिकवायचो, मी मराठी आणि ती चित्रकला. मी सांगलीकडची, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी सालवडला येऊन पडलेली. ती एडवणची, तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची लेक. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या वडिलांनी मला होडीतून समुद्रात नेलं. मध्येच त्यांनी होडी थांबवली, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांड्याचं टोक कानाला लावून डोळे मिटून बसले. मला वाटलं, यांचा कान दुखतोय. "घोळ वरडते खाली," ते म्हणाले, "आयक." मी कान लावला. लांब कुठेतरी जड पाटा सरकवावा तशी घरघर येत होती. घोळ माशाचा थवा असा ऐकून शोधायचा आणि मग जाळं टाकायचं, ही त्यांची जुनी पद्धत. मासे दाखवणारी यंत्रं आली आणि ती मागे पडली. हेमा मात्र लहानपणापासून वल्ह्याला कान लावत मोठी झाली होती, आणि वर्गात मुलांना रंगाची पेटी उघडू देण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐकायला लावायची. मुख्याध्यापकांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा. हेमाला मुख्याध्यापक तसे वाटायचे.

एडवणच्या अलीकडे एक खाजण आहे. भरतीला खाडीचं पाणी आत शिरतं आणि ओहोटीनंतरही मागे राहतं, त्याचं झालेलं हे उथळ, खारट तळं. भोवती तिवरं, चिखलात खेकडे, थंडीत पाहुणे पक्षी. काही वर्षांपूर्वी त्यावर भराव टाकून प्लॉट पाडायचं घाटू लागलं. कागदावर त्याचं वर्णन होतं 'पडीक दलदल'. हेमा ते वाचून पेटली. "पडीक? यांनी कान तरी लावलाय का कवा?" असं म्हणाली आणि गावातली मोडीत निघालेली वल्ही गोळा करत सुटली. बांबूचे टेकू देऊन तिने ती खाजणाच्या काठाने उभी केली. पातं पाण्यात, दांडा माणसाच्या कानाच्या उंचीला, पोरांसाठी काही बुटकी. ना पाटी, ना भाषण. यावं आणि कान लावावा. मुंबईच्या एका कलादालनाने याला ध्वनिकला म्हटलं आणि वल्ही प्रदर्शनाला मागितली. हिने फोनवरच सांगितलं, "कला म्हणा नायतर काय बी म्हणा. वल्ही पाण्यातून निघायची नाय. तुमीच इकडं या."

आणि मग लोकांनी भलताच गोंधळ घातला. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. ओळीने उभी वल्ही दिसल्यावर बायकांचे हात जोडले गेले. बघता बघता हळदकुंकू लागलं, हार चढले. आणि पुजलेल्या वस्तूला कान कोण लावणार? मी सालवडच्या बायकांना घेऊन गेले, तर त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि तशाच माघारी फिरल्या. हेमाचा पारा चढला. काथ्या आणि बादली घेऊन ती एकेक वल्हं घासायला बसली. एक म्हातारी ओरडली, "बाय, पाप लागंल!" "लागू दे," हेमा म्हणाली. "एकदा पुजलं की आयकायला नको, बरा मार्ग काढलाय तुमी." आणि तिने चक्क म्हातारीचं डोकं धरून दांड्याला टेकवलं. मला वाटलं, आता शिव्या पडणार. म्हातारी हलेचना... बऱ्याच वेळाने म्हणाली, "खाली कोन काय तळतंय गं?"

तळत नव्हतं कुणी. त्या पाण्यात बोटाएवढी कोळंबी असते. ती आपली नांगी अशी काही जोरात मिटते की पाण्यात टिकली फुटल्यासारखा आवाज होतो. अशा असंख्य नांग्या एकाच वेळी मिटत असतात, दिवसरात्र, भर त्या 'पडीक' पाण्यात. हळूहळू आमच्या सालवडचे कामगारही सुटीच्या दिवशी येऊ लागले. एक बिहारी वेल्डर कान लावून हसतच सुटला, "अरे, नीचे तो अपनी वेल्डिंग चल रही है!" पुढे तो गावी फोन लावून मोबाइल दांड्याला टेकवायचा आणि आईला विचारायचा, सुनाई दिया? हेमाला एवढं खुश झालेलं मी क्वचितच पाहिलं.

शोकसभा एडवणच्या समाजमंदिरात झाली, खाजणापासून हाकेच्या अंतरावर. भरावासाठी धावपळ करणारे गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते, शुभ्र कपड्यांत. बोलले छान. मग म्हणाले, भराव झाल्यावर एक कोपरा राखून हेमाताईंच्या नावाने उद्यान करू, त्यांची वल्ही रंगवून चौथऱ्यावर उभी करू. टाळ्या पडल्या! शोकसभेत टाळ्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. जिवंत असती तर हेमाने तिथेच काथ्या मागवला असता. तेवढ्यात दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची सूचना झाली आणि मी उठले. "इथे नाही," म्हटलं. "ही दोन मिनिटं खाजणावर."

"मॅडम, भावनेचा प्रसंग आहे, यात राजकारण नको," ते गृहस्थ म्हणाले.

"भावनेचाच आहे. म्हणून चला."

आधी तिचे वडील उठले, काठी टेकत. ते उठल्यावर बसून राहायची कुणाची छाती होती? सगळं समाजमंदिर काठावर आलं. ज्याला जे वल्हं मिळालं त्याला त्याने कान लावला, बाकीचे मागे नंबर लावून गप्प उभे. त्या शांततेत मला हेमाची फार आठवण आली. ते गृहस्थही आले, सगळ्यांच्या देखत मागे कसे राहणार? खिशातून घडीचा रुमाल काढून त्यांनी दांड्याच्या टोकावर ठेवला, वर कान टेकवल्यासारखं केलं आणि लगेच मान उचलून म्हणाले, "काही ऐकू येत नाही."

"आदी रुमाल काढा," हेमाचे वडील म्हणाले.

त्यांनी काढला नाही. घाईत आहोत म्हणाले आणि गाडीत बसून गेले. पण बाकी कुणीही हललं नाही, दोन मिनिटं कधीच संपली होती तरी. सुनावणीची नवी तारीख लागेल. त्या दिवशी मी एकटी जाणार नाही, त्या काठावर उभा असलेला सगळा गाव आणि निम्मं सालवड माझ्याबरोबर असेल. आमचं मागणं एकच राहील. सुनावणी खाजणाच्या काठावर घ्या. मांडव आम्ही घालू, खुर्च्या आम्ही मांडू, चहा आम्ही देऊ. तुम्ही फक्त रुमाल घरी ठेवून या.